तिचं अर्धं वाक्य

सरपंचपदाची सोडत निघाली, आमच्या गावाला महिलेचं आरक्षण आलं, आणि त्या दिवसापासून माझा पाय घरात ठरेना. शेगडीवर दूध ठेवायचं आणि अंगणात यायचं. अंगणात आलं की वाटायचं, गिरणीत जावं. गिरणीत गेलं की पट्ट्याच्या आवाजानं डोकं आणखीच भणभणायचं. नवरा म्हणायचा, "बस ना वं एका जागी." पण बसवतच नव्हतं.

आमचं गाव मानोऱ्याहून कारंज्याला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि तुरीच्या वावरांमधून चालत यायचं. गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर तांडा. गाव आणि तांडा मिळून एकच ग्रामपंचायत. आमची थोडी शेती आणि नवऱ्याची पिठाची गिरणी. मी महिला बचत गटाची अध्यक्ष होते, चार बायकांत बोलायची सवय होती, म्हणून माझं नाव पुढे आलं. पुढे केलं ते माझ्या धाकट्या दिरानं. तो एका पक्षाचं काम करतो, तालुक्याच्या पुढाऱ्यांकडे त्याची ऊठबस आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाची चिन्हं नसतात, पण ती कागदावर नसतात एवढंच. कोणत्या पॅनलच्या पाठीशी कोण उभं आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुसऱ्या पॅनलनं उभी केली ती माझी मैत्रीण. तिचा नवरा बी-बियाण्यांचं दुकान चालवतो आणि ते पॅनल त्याचंच.

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. तिचं माहेर कारंज्याजवळ, माझं जऊळक्याकडे. दोघींनाही इथलं काही माहीत नव्हतं, म्हणून विहिरीवर सोबत जायचो. बचत गट दोघींनी मिळून काढला. ती माझ्यापेक्षा तडकफडक. मनात आलं की बोलून मोकळी. गटाच्या बैठकीत आमची सर्वांत जास्त भांडणं व्हायची आणि ती बहुतेक पाण्यावरून असायची.

पाण्याचं भांडण खरं होतं, वरवरचं नव्हतं. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी गावातल्या टाकीत चढतं आणि तिथून नळाला येतं. हिवाळा सरला की विहीर तळाला जाते, पाणी गढूळ होतं, वास मारतं. तांडा उंचावर आणि लाइनीच्या शेवटच्या टोकाला, त्यामुळे त्यांच्या नळाला जे पोचतं ते गावानं वापरून उरलेलं, तळाचं. माझं म्हणणं होतं की विहीर खोल करा, टाकी नीट करा, तांड्यासाठी वेगळी मोटर बसवा. एका हंगामात होण्यासारखं काम. ती म्हणायची, हे सगळं ठिगळ लावणं आहे. धरणावरून पाइपलाइन आणा, आधी वर तांड्यावर चढवा, मग उतारानं गावाला द्या. मी विचारायची, ती लाइन यायला वर्षं जातील, तोवर तांड्यानं काय प्यायचं? ती म्हणायची, तुझ्या ठिगळानं लाइन कधीच येणार नाही, सरकार म्हणेल यांचं भागलं. दोघींचे आवाज चढायचे. मग कोणीतरी चहा आणायचं.

अर्ज भरल्यावर हे थांबलं. माझ्या दिरानं मला सांगितलं, "वहिनी, आता तिच्यासंग बोलनं बंद. लोक पाह्यतात." तिलाही तिच्या नवऱ्यानं तेच सांगितलं असणार. एकदा ती वावरातून येत होती, मी जात होते. पायवाट एवढी अरुंद की एकीला तुरीत उतरावं लागतं. ती उतरली, आणि मी जवळून जाईस्तोवर तुरीच्या शेंगा चाचपत उभी राहिली. जणू मी कोणी परकी बाई. घरी आल्यावर मी उगाचच सगळे डबे खाली काढले आणि पुन्हा लावले.

मग सुरू झालं प्रचाराचं. तिच्या पॅनलच्या कोपरा सभेत कोणीतरी म्हणालं, "जे गिरनीत पीठ मारतात थे गावचं काय करतीन?" लोक हसले. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य रिक्षावरच्या भोंग्यातून ऐकू आलं. आमच्या गिरणीत दळण टाकणाऱ्या बायका माझ्या नजरेला नजर देईनात. नवऱ्यानं वजनकाटा आतून उचलून दारात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. मला रडू आलं. माझी मैत्रीण लग्न होऊन आल्यापासून आमच्याच गिरणीतून पीठ नेत होती. ती एका शब्दानं म्हणू शकत होती की असं नाही. म्हणाली नाही.

गावात एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या मुलाचं मानोऱ्यात शिवणाचं दुकान आहे, पण चाचा गाव सोडत नाहीत. गावातलं कोणतंही भांडण त्यांच्या ओट्यावर येतं, कारण ते कोणाच्या मागे कधी फिरले नाहीत. पीठचोरीचं ऐकल्यावर ते दोन्ही पॅनलवाल्यांकडे गेले आणि म्हणाले, "भोंगे बहुत हो गये. दोघी बायांना समोरासमोर बसवा. गाव ऐकंल, मंग ठरवंल."

दोन्हीकडचे पुरुष कुरकुरले, पण नाही कोणालाच म्हणता आलं नाही. नाही म्हटलं तर घाबरले असं झालं असतं. ग्रामपंचायतीसमोरच्या मोकळ्या जागेत, दिवस मावळायच्या आत, दोघींनी बोलायचं असं ठरलं. चाचांनी नियम सांगितले. दोघींना सारखा वेळ. एकीचं चालू असताना दुसरीनं गप्प बसायचं. घरच्या माणसांचं नाव काढायचं नाही. जो मध्ये ओरडेल त्याला ते स्वतः उठवणार. "मी चालत्या गाडीतून लोक उतरवले हायत," ते म्हणाले. लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही. स्टेजची भीती नव्हती. तिच्याकडे बघायची भीती होती.

त्याच्या आदल्या दिवशी मी गिरणीत दळण चाळत होते. तांड्यावरची एक म्हातारी ज्वारी घेऊन आली. ती नेहमी यायची, थोडं बोलायची, जायची. त्या दिवशी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवायच्या आत तिनं सुरू केलं, "पाह्यलं का बाई? तुमची थे मैत्रीन आमाले पानी देऊ नका म्हनते. आमी काय जनावरं हाव?"

"कोन म्हनलं तुमाले?"

"कोन कायले म्हनंल? तिचंच तोंड, तिचाच आवाज. नातवाच्या मोबाइलवर पाह्यलं मी."

दळणाला आलेल्या एका बाईकडेही तो व्हिडिओ होता. तिनं दाखवला, आमच्याच पॅनलच्या ग्रुपवरून आलेला. आमच्याच बचत गटाची बैठक. माझ्या मैत्रिणीचा चेहरा, हात वर केलेला, आणि तिचा तो चढलेला आवाज: "तांड्याले टाकीचं पानी देऊच नका!" तिथेच संपला. खाली कोणीतरी लाल अक्षरांत लिहिलं होतं, तांड्यानं लक्षात ठेवावं.

त्या बैठकीत मी तिच्या शेजारी बसले होते. गटातली एक बाई आजारी होती म्हणून तिच्यासाठी बैठकीचा व्हिडिओ काढून गटाच्या ग्रुपवर टाकला होता. माझी मैत्रीण जे बोलली ते मला शब्दन् शब्द आठवत होतं, कारण त्यावरच आमचं भांडण झालं होतं. ती म्हणाली होती, "तांड्याले टाकीचं पानी देऊच नका! नासलेलं पानी हाय थे, आपन पेतो का? त्याहिले आधी धरनाचं द्या, मंग आपल्याले."

मी पदर खोचला आणि तशीच पिठानं माखलेली दिराच्या घरी गेले. तो ओसरीवर पॅनलच्या पोरांसोबत बसला होता. मी त्याला बाजूला बोलावलं.

"हा व्हिडिओ तुमी कापला?"

"कापला काय म्हनता वहिनी? छोटा केला. मोठा व्हिडिओ कोन पाह्यते आजकाल?"

"पन पुढचं वाक्य?"

"पुढचं तिनं सांगावं. तिले काय तोंड नाई?"

"तिचं कोनी ऐकनार नाई. तुमाले मालूम हाय थे."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. दीर वाईट माणूस नाही. माझ्या सासूच्या आजारपणात रात्रंदिवस दवाखान्यात तोच होता. तो आवाज खाली करून म्हणाला, "त्याहिनं तुमाले पीठचोर म्हनलं, तवा हे खरं-खोटं कुठी गेलं होतं? भोंग्यावर म्हनलं, वहिनी. माह्या भावाच्या गिरनीले म्हनलं. मी चूप बसू?"

राग मलाही होताच. त्याच्यापेक्षा जास्त होता. म्हणून मी तिथून निघाले तेव्हा मन हलकं झालं नाही, उलट दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखं झालं. तिनं माझ्यासाठी तोंड उघडलं नाही, मग मी तिच्यासाठी काहून उघडू? असं म्हणत मी देवळापर्यंत गेले. आणि देवळापासून परत येताना वाटलं, पण मला तर ते वाक्य माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनलनं मला प्रचाराला तांड्यावर नेलं. इतकं प्रेम त्या तांड्यानं मला कधी दिलं नव्हतं. बायांनी ओवाळलं. गिरणीत आलेली ती म्हातारी पुढे आली, माझा हात धरून म्हणाली, "तुमी तरी आमाले मानूस समजता." तिनं पितळी गडव्यातून पाणी दिलं. पिवळसर, तळाचं पाणी. मी ते प्यायले. मग म्हणाले, "माय, त्या व्हिडिओतलं वाक्य पुरं नाई..." तेवढ्यात दिरानं मागून रिक्षावाल्याला हात केला, भोंगा सुरू झाला, आणि माझं बोलणं माझंच मला ऐकू येईना. मी तिच्या कानाजवळ गेले. ती मान डोलवत होती. तिला वाटलं, मी मतं मागते आहे.

घरी आले तर नवरा गिरणीचा पट्टा बसवत होता. मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय करू?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मले नको विचारू. मी सांगितलं तर उद्या म्हनशील, तुमीच म्हनले होते."

"म्हंजे?"

"म्हंजे तुले काय बोलायचं थे तू बोल. मी तिथं येत नाई. मी आलो तर तू माह्याकडे पाह्यशील."

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर अख्खं गाव जमलं. दोन टेबलं, दोन खुर्च्या, मधे चाचा. पुढच्या रांगेत डावीकडे माझा दीर, उजवीकडे तिचा नवरा. तांड्यावरून ट्रॅक्टरभर लोक आले होते, आणि ते कशासाठी आले होते हे सगळ्यांना कळत होतं. ती निळी साडी नेसून आली होती. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही हातातला रुमाल गुंडाळत राहिले.

आधी बोलायची पाळी तिची होती. तिनं शाळेच्या संरक्षक भिंतीचं सांगितलं, अंगणवाडीच्या छताचं सांगितलं, ते लोकांनी ऐकलं. मग ती म्हणाली, "आता पान्याचं." आणि तांड्याकडून एकच गलका उठला. "काय तोंडानं बोलते!" "आमाले देऊ नका म्हनते आन मत मागते!" चाचा उठले, दोघांना खाली बसवलं, तर चौघं उठले. ती माइकमध्ये सांगत होती, "मी तसं नाई म्हनलं, माहं ऐकून तर घ्या," पण तिचा आवाज जितका चढे तितकं ते व्हिडिओतल्या बाईसारखंच वाटे. कोणीतरी मोबाइल माइकजवळ नेऊन तोच व्हिडिओ लावला. तिचंच अर्धं वाक्य भोंग्यातून सगळ्या गावावर पडलं. ती खाली बसली. तिचा वेळ अजून उरला होता.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तुमी."

मी उठले. दिरानं पुढच्या रांगेतून मला मान हलवून खूण केली, पाणीच घ्या, म्हणून. मी माइक हातात घेतला तेव्हा काय बोलायचं हे माझं ठरलेलं नव्हतं. लोक मागाहून मला म्हणाले, बाईनं आधीच ठरवलं होतं. नव्हतं. त्या क्षणापर्यंत मी दोन्हीकडे होते.

"हा व्हिडिओ अर्धा हाय," मी म्हणाले.

गलका एकदम थांबला नाही. हळूहळू थांबला. मी पुन्हा म्हणाले. "हा व्हिडिओ अर्धा हाय. थे बैठक झाली तवा मी हिच्या बाजूलेच बसली होती. हे म्हनली होती, टाकीचं पानी तांड्याले देऊ नका, कारन थे नासलेलं हाय. त्याहिले आधी धरनाचं द्या, मंग गावाले. पुढचं कापून टाकलं. हिनं तांड्याचं वाईट चिंतलं नाई."

एवढं बोलून खाली बसता आलं असतं. पण मला थांबायचं नव्हतं, कारण माझं म्हणणं तेवढंच नव्हतं. "आन हेही ऐका. हिचं म्हननं मले तवाही पटलं नव्हतं, आजही पटत नाई. धरनाची लाइन यायले वर्षं जातीन. मी सकाळी तांड्यावर पानी पेली, थे वर्षभर कोनी पेऊ शकत नाई. विहीर आन टाकी आधी नीट करा, हे माहं म्हननं हाय. त्यावर मत द्या. नसलेल्या गोष्टीवर देऊ नका."

माझ्याच पॅनलच्या पोरांनी हुर्यो करत शिट्ट्या मारल्या. दीर उठला. कोणाशी काही न बोलता गर्दीतून वाट काढत निघून गेला आणि त्याच्यामागे आमच्या रांगेतली अर्धी माणसं गेली. रिकाम्या खुर्च्या माझ्यासमोर तशाच राहिल्या. तांड्याचे लोक एकमेकांत कुजबुजत होते. माझी मैत्रीण प्रथमच माझ्याकडे पाहत होती.

तेव्हा मागून एका बाईनं विचारलं, "मंग पिठाचं काय? थेबी आज होऊन जाऊ द्या."

चाचा माझ्या मैत्रिणीकडे वळले. "बाई, तुमच्या लोकाहिनं भोंग्यावर सांगितलं. तुमी काय म्हनता?"

मी खुर्चीच्या दांड्याला घट्ट धरून उभी होते. आता ती बोलेल, याबद्दल मला शंका नव्हती. माझ्या मनात तिचं वाक्यही तयार होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेत उजवीकडे. तिचा नवरा मांडीवर हात ठेवून बसला होता, नुसता बसला होता.

ती म्हणाली, "त्यातलं मले काई मालूम नाई."

चाचांनी माइक बंद केला. मग म्हणाले, दिवस मावळला, घरी चला.

मला वाटलं होतं, सगळ्यांत वाईट जे व्हायचं ते झालं. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नवा व्हिडिओ आला, आणि या वेळी त्यात मी होते. "हिनं तांड्याचं वाईट चिंतलं नाई," एवढंच. खाली लिहिलं होतं, खुद्द विरोधी उमेदवार सांगतात, आमच्या ताईच खऱ्या. माझं पुढचं बोलणं, विहिरीचं, टाकीचं, हिचं पटत नाही हे, सगळं कापलेलं.

मी तिला फोन लावला. कितीतरी दिवसांनी. तिनं उचलला.

"माहं पुरं बोलनं टाका म्हना त्याहिले."

"माह्या हातात नाई वं थे."

"मंग तुह्या हातात काय हाय?"

तिनं फोन ठेवला. मी फोनकडे बघत राहिले आणि मग घराबाहेर पडले ती थेट तांड्याच्या वाटेला लागले. एकटी. ना रिक्षा, ना कोणी ओवाळायला. दारोदार जाऊन मी दोन्ही वाक्यं पुरी सांगितली, तिचं आणि माझं. काहींनी ऐकलं. काहींनी दार लोटलं. त्या म्हातारीनं सगळं नीट ऐकून घेतलं, चूल फुंकत. मग म्हणाली, "तुमा दोघीचं वाक्य पुरं झालं बाई, बरं झालं. पन पानी कवा येनार?"

"मले मालूम नाई," मी म्हणाले. "निवडून आली तर विहिरीचं काम पह्यलं."

"आन नाई आली तं?"

तिनं मला चहा दिला.

मी हरले. थोडक्यात नाही, चांगलीच हरले. माझ्या पॅनलच्या लोकांनीच हात वर केले होते, मग दुसरं काय होणार? ती सरपंच झाली. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या गिरणीसमोरून गेली तेव्हा नवऱ्यानं मुद्दाम मोटर बंद केली नाही. दळत राहिला. मिरवणुकीतला गुलाल दारातल्या काट्यावर येऊन पडला. तो त्यानं फडक्यानं पुसला.

पुढचे काही आठवडे गिरणीत माणूस कमी. आमच्या बाजूचे म्हणायचे, हिनं आपल्याला बुडवलं, यांचं दळण बंद. त्यांच्या बाजूचे तर आधीपासूनच येत नव्हते. नवरा एकदाही म्हणाला नाही की तू असं काहून केलं. तो म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी भांडले असते. ते न भांडलेलं भांडण माझ्या अंगात फिरत राहिलं. मी भांडी घासताना स्वतःशी बोलायची, वावरात निंदताना माइकसमोर उभी असल्यासारखी उत्तरं द्यायची. कधी वाटे, गप्प बसले असते तर आज विहिरीचं काम सुरू झालं असतं, तांड्याला पाणी मिळालं असतं. एका वाक्याच्या खरेपणासाठी मी त्यांचं पाणी घालवलं का? हा प्रश्न मला अजून सोडत नाही. कोणी म्हणतं, तू बरोबर केलंस. त्यांना काय जातं म्हणायला.

एका सकाळी ती गिरणीत आली. सरपंच झाल्यानंतर पहिल्यांदाच, स्वतः, कमरेवर गव्हाचा डबा घेऊन. चार-पाच बायका दळणाला बसल्या होत्या. तिनं डबा काट्यावर ठेवला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "इथलं वजन बरोबर राह्यते. मी लग्न होऊन आली तवापासून नेतो इथून. कधी कमी आलं नाई."

नवऱ्यानं डबा उचलला आणि आत गेला.

मी म्हणाले, "हे तिथं बोलायचं होतं."

"हो."

"मंग?"

"तिथं थे समोर बसले होते." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू बोलली तवा मले वाटलं, आता मीबी बोलतो. जीभच उचलली नाई. तुह्या नवऱ्यानं तुले मोकळं सोडलं होतं वं. तुले काय मालूम?"

मला राग आला. तिचं खरं होतं म्हणूनही असेल. "तू आता सरपंच हायस," मी म्हणाले. "आता तरी उचल."

तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. पीठ घेऊन गेली. बाकीच्या बायका ती गेल्यावर एकदम बोलायला लागल्या, भलतंच काहीतरी, लग्नाचं, तुरीच्या भावाचं. दुपारपर्यंत गिरणीत दोन-तीन दळणं जास्त आली. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

मग ग्रामसभा आली. उन्हं तापायला लागली होती, विहीर खाली गेली होती. मी पहिल्या ओळीत बसले. पाण्याचा विषय निघाला तसा मी उभी राहून विचारलं, "धरनाच्या लाइनीचं काय झालं? उन्हाळ्याच्या आत येईन, असं प्रचारात सांगितलं होतं."

उत्तर द्यायला तिचा नवरा उठला. तो सदस्यही नव्हता. तो म्हणाला, फाइल जिल्ह्याला गेली आहे, काम जोरात चालू आहे, विरोधकांना विघ्न आणायची सवयच आहे. मागून माझा दीर ओरडला, "चोर हायत सगळे! खाऊन टाकली लाइन!" निवडणुकीनंतर तो माझ्याशी बोलत नव्हता, पण त्या क्षणी तो माझ्या बाजूनं ओरडला. मी मागे वळून म्हणाले, "चोर म्हनू नका. पुरावा हाय का तुमच्याकडे? नसला तर खाली बसा." आणि पुढे वळून म्हणाले, "आन तुमीही बसा. मी सरपंचाले विचारलं."

सभेत कोणी खोकलं, कोणी हसलं. चाचा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी पाय जवळ घेतले.

ती खुर्चीत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो उभाच होता. मग ती उठली. आवाज चढलेला नव्हता, उलट इतका खाली की मागच्यांनी "जोरात बोला" म्हटलं.

"लाइन उन्हाळ्याच्या आत येत नाई," ती म्हणाली. "मी सांगितलं थे चुकलं. मंजुरी अजून नाई. यंदा तर नाईच."

तिचा नवरा बाहेर निघून गेला. दार आपटलं नाही, पण चप्पल घालायला त्यानं फार वेळ लावला.

मी तिला शाबासकी दिली नाही. ती वेळ नव्हती. मी विचारलं, "मंग उन्हाळाभर तांड्यानं काय प्यायचं?"

"तू सांग."

"विहीर खोल करा. टाकी धुवा. म्हनली होती मी."

"विहीर खोल केली तर लाइनीची मागनी मागे पडते. मी म्हनली होती तुले."

"मंग दोन्ही मागा! दोन वेगळ्या कागदावर मागा!"

"दोन्ही कोन देते?"

"मागून तर पाहा!"

आम्ही दोघी उभ्या होतो, आणि आवाज चढले होते. ग्रामसेवक कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. शेवटी ठरलं ते एवढंच की तोवर टँकर आधी तांड्यावर जाईल, मग गावात. विहिरीचा ठराव झाला, पण तिनं त्यात लाइनीची ओळ घालायला लावली आणि एकाच कागदात दोन्ही अडकतील म्हणून मी त्याला विरोध केला. माझा विरोध टिकला नाही.

आता टँकर येतो. कधी येतो, कधी येत नाही. नाही आला की तांड्यावरच्या बाया आधी तिच्या दारात जातात, मग माझ्या. विहिरीचं काम सुरू झालेलं नाही. तिचा नवरा म्हणतो, बायको हाताबाहेर गेली, आणि ते ऐकून कोणी मला दोष देतं, कोणी तिला.

परवा दीर गिरणीच्या दारात आला. आत आला नाही. म्हणाला, "वहिनी, जिल्हा परिषदेची तयारी चालू हाय. तुमचं नाव सुचवून राह्यलो. पन एक गोष्ट आधी बोलून घेऊ. स्टेजवर जे ठरलं थेच बोलायचं."

"आन ठरलेलं खोटं असलं तर?"

"तुमी पुन्हा थेच करसान."

"मालूम नाई," मी म्हणाले, आणि खरंच मला माहीत नव्हतं.

त्यानं आत डोकावलं. भावाला हाक मारेल असं वाटलं. मारली नाही. गाडीला किक मारून गेला. नवरा आतून म्हणाला, "कोन होतं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "जेवायले थांबवायचं होतं." मी दारात आले, तर दीर फाट्याच्या वळणाला पोचला होता. मी हाक मारली. गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेली की नाही, कोण जाणे.